कुत्रं हेल काढतं तेव्हा

कुत्रं रडलं की घरातलं कुणीतरी जातं, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की चांगली शिकलेली माणसंही दवाखान्यात ते सांगताना आवाज खाली आणतात. पशुवैद्य म्हणून मला या समजुतीची चीड येते. तिच्यापायी मुक्या जनावराला मार बसतो, कधी रातोरात गाडीत घालून लांब सोडून दिलं जातं. घरात मोठं आजारपण आलं की कुत्र्याचाही दिवस विस्कटतो. ज्यांच्या पायाशी ते झोपायचं त्या आजोबांच्या खोलीचं दार बंद होतं, फिरणं चुकतं, रात्री-अपरात्री माणसांची ये-जा सुरू होते. ते गळा काढतं ते यामुळे. पुढे आजोबा गेले की बोल मात्र त्याच्यावर येतो.

हेल काढणं लांडग्यांकडून आलेलं आहे. पांगलेल्या सोबत्यांना ठावठिकाणा कळवायला लांडगे लांबलचक सूर लावतात आणि तो काही किलोमीटरपर्यंत पोचतो. ऑस्ट्रियातल्या वुल्फ सायन्स सेंटरमध्ये संशोधकांनी कळपातून एकेक लांडगा फिरायला बाहेर नेला आणि मागे राहिलेल्यांचं निरीक्षण केलं. जिवलग सोबती किंवा कळपातला वरचढ लांडगा गेला असेल, तर हेल जास्त निघत. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. लाळेतलं कॉर्टिसॉलही मोजलं होतं, पण हा फरक नुसत्या ताणाने पडतो असं दिसलं नाही. कोण गेलं, याला महत्त्व होतं.

घंटागाडीचं गाणं, रुग्णवाहिकेचा भोंगा किंवा आरतीतला शंख ऐकून सूर लावणाऱ्या कुत्र्याची काळजी नको. त्या लांब, चढत्या स्वराला ते उत्तर देतं आणि आवाज थांबला की गप्प होतं. सगळीच कुत्री असं करत नाहीत. बुडापेस्टच्या संशोधकांनी ६८ पाळीव कुत्र्यांना लांडग्यांचे हेल ऐकवले, तेव्हा लांडग्याला जवळच्या जुन्या जातींच्या कुत्र्यांनी हेलानेच उत्तर दिलं, त्यातही पाच वर्षांवरच्या कुत्र्यांनी जास्त. आधुनिक जातींची कुत्री बहुतेक भुंकली.

खरा प्रश्न आहे तो कुलूप लावून गेल्यावर रडणाऱ्या कुत्र्याचा. शेजारी तक्रार करतात, मालकाला ते खरं वाटत नाही, कारण त्याच्यासमोर कुत्रं शहाण्यासारखं वागतं. मी अशा मालकांना घरात मोबाइल लावून ठेवायला सांगतो. अशाच एका चित्रीकरणात दार लागताच लॅब्रॅडॉर उंबऱ्याशी जाऊन फटीतून हुंगत राहिला. मग आत जाऊन मालकिणीची चप्पल तोंडात धरून आणली, ती दाराशी ठेवली, हनुवटी वर केली आणि ओठ गोल करून हेल काढला. लिफ्टचा आवाज आला की थांबायचा, कान टवकारायचा. लिफ्ट वरच्या मजल्यावर गेली की पुन्हा सुरू. बाई ते बघताना रडल्या.

अशा कुत्र्यावर ओरडलं किंवा त्याला शॉक कॉलर बांधली तर त्याची भीती वाढते. त्याऐवजी एकटं राहायची सवय हळूहळू लावायची: किल्ली उचलायची आणि न जाता खुर्चीवर बसायचं; दाराबाहेर काही सेकंद थांबून आत यायचं; ते शांत राहील तेवढाच वेळ हळूहळू वाढवायचा. यात महिने जातात. गरज पडली तर फ्लुओक्सेटिनसारखं औषध आम्ही देतो, पण त्याचा गुण यायलाही काही आठवडे लागतात.

म्हातारं कुत्रं रात्री अचानक रडायला लागलं तर मात्र थांबू नका. सांधेदुखी, बहिरेपण, अंधुक दिसणं किंवा मेंदूची झीज, यांपैकी काहीही असू शकतं आणि बऱ्याच बाबतींत आराम देता येतो. दवाखान्यात येताना ते किती वाजता रडतं, तेव्हा घरात कोण असतं, त्याआधी काय घडलं, हे लिहून आणा. मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रीकरण असेल तर तेही दाखवा.