कपाळावरची आठी

आमच्या नाणे मावळात ‘लकवा’ हा एकच शब्द आहे. हातपाय लुळे पडले तरी लकवा, नुसते तोंड वाकडे झाले तरी लकवा. माझे आजोबा लकव्यानेच अंथरुणाला खिळले आणि त्यातच गेले. गेल्या आषाढात तोच शब्द पुन्हा आमच्या ओट्यावर येऊन बसला.

लावणीचे दिवस होते. सकाळी आई चूळ भरायला बसली, तर पाणी डाव्या ओठातून आपोआप गळू लागले. उजवा गाल हलत होता, डावा निजलेला. डावा डोळा मिटेना. “वारं लागलं,” आजी म्हणाली. चार दिवस आई पावसात गुडघाभर चिखलात उभी होती, त्यामुळे ते सगळ्यांना पटले. शेजारच्या आत्याबाईंनी पलीकडच्या गावातल्या देवऋष्याचे नाव सुचवले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. “कॉलेजात जातीस ना, मग तूच सांग आता.” घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच, म्हणून सातबारा, बँकेचे पासबुक, गॅसचा फॉर्म सारे माझ्याकडे येते. त्या दिवशी आईचे तोंडही माझ्याकडे आले. माझा विषय मानसशास्त्र. मेंदूची एक आकृती मला काढता येते, एवढेच माझे ज्ञान. पण आजोबांचे अंथरूण डोळ्यांपुढे होते. कामशेतला मिळाली ती लोकल धरून आम्ही लोणावळ्याला गेलो.

डॉक्टरीणबाईंनी कुठल्याही यंत्राला हात लावला नाही. आईसमोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “मावशी, भुवया वर उचला. कपाळाला आठ्या पडू द्या.” आई म्हणाली, “आता कुणावर रागावू?” उजवीकडे तीन आठ्या उमटल्या, डावी बाजू नुकत्या सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत. बाई म्हणाल्या, “बरं झालं.” मला त्यांचा रागच आला. अर्धे कपाळ मेल्यासारखे झाले, यात बरे ते काय?

मग त्यांनी समजावले. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या असतात. त्यांतली सातवी चेहऱ्याच्या स्नायूंची. कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम येतो. गालाओठांना मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धाकडूनच. म्हणून मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटून तोंड वाकडे झाले, तर आठ्या बहुधा शाबूत राहतात. आठ्याही गेल्या, तर बिघाड बहुधा मेंदूच्या बाहेर, खुद्द त्या तंतूत असतो. आजोबांचा लकवा आणि आईचा लकवा या दोन निराळ्या गोष्टी होत्या, आणि त्यांच्यामधली सीमारेषा एका आठीवरून जात होती!

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. हातापायांचे बळ पाहिले, बोलणे ऐकले, मग उरलेल्या जोड्या एकेक करून तपासल्या. आईच्या डोळ्यांवर हात धरून कॉफीची डबी नाकाशी नेली, ही पहिली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. आईला अक्षर येत नाही. बाईंनी तिकडे पाहिलेही नाही, दोन बोटे धरून “किती?” विचारले, ही दुसरी. बोट हवेत फिरवून बुबुळे फिरतात का पाहिले. त्या एका खेळात तिसरी, चौथी, सहावी आल्या. कापसाचा पुंजका गालावरून फिरवला, तो आईला दोन्हीकडे समजला. म्हणजे पाचवी ठीक. कानाशी बोटे चोळली, खांदे उचलायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली. “आ” म्हणायला लावून पडजीभ पाहिली. ती नववीची आणि दहावीची साक्ष. सातवीसाठी गाल फुगवायला सांगितले आणि मग म्हणाल्या, “शीळ घाला.” आई लाजून माझ्याकडे पाहू लागली. “बाईमाणसानं?” उभ्या आयुष्यात तिला कुणी शीळ घालायला सांगितले नव्हते.

ही सातवी नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. तिथे ती सुजली की जागा पुरत नाही आणि ती चेपली जाते. पुढे गालफुगीत सुजणाऱ्या ग्रंथीतून जाताना तिला पाच फाटे फुटतात. जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि कानातला एक चिमुकला स्नायूही तिच्याच ताब्यात. सकाळी आईला चहा बेचव का लागला आणि कुकरची शिट्टी डाव्या कानात का खुपली, ते तेव्हा उलगडले. चार्ल्स बेल (१७७४–१८४२) या स्कॉटिश वैद्याचे नाव या दुखण्याला आहे. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले तर गुण चांगला येतो. डोळा मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडून जखम होऊ नये म्हणून थेंब घालायचे. रोज रात्री आईची पापणी पट्टीने चिकटवण्याचे काम माझ्याकडे होते. झोपेतही ती एका डोळ्याने माझ्याकडे पाहते आहे असे वाटायचे.

पुढे वाचनालयात या बारा जोड्या शोधताना एक नवलाची गोष्ट हाती लागली. दहावा तंतू घसा, हृदय, फुप्फुसे करीत पोटापर्यंत हिंडतो. त्याच्या ‘व्हेगस’ या लॅटिन नावाचा अर्थच भटक्या. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून, योग्यांची कुंडलिनी म्हणजे उजवीकडचा हाच तंतू, असे मांडले. त्याआधी तीनच वर्षे, १९२४ मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी आमच्या लोणावळ्यात कैवल्यधाम काढून आसने-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासण्याचे काम मांडले होते. रेळ्यांचे समीकरण मला पटत नाही. कुंडलिनी ही चिरफाडीच्या टेबलावर सापडणारी वस्तू नव्हे. पण जुन्या शब्दाला शरीरात जागा शोधण्याची त्यांची तळमळ मला समजते. ‘लकवा’ या शब्दापायी मीही तेच करीत होते.

आता फाल्गुन लागला. आईच्या आठ्या परतल्या आहेत, पैकी बऱ्याच माझ्यामुळे पडतात. फक्त जेवताना तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येते. तंतू पुन्हा वाढताना लाळेच्या वाटेवरचे काही धागे चुकून अश्रूंच्या ग्रंथीकडे गेले, म्हणून घास तोंडात गेला की डोळा पाझरतो, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आत्याबाईंना ते मान्य नाही. पोरीच्या लग्नाच्या काळजीने ती रडते, असे त्या गावभर सांगतात. आई त्यांना उत्तर देत नाही. डोळा पुसते आणि पुढचा घास मोडते.