चार चाकं, भागिले तीन

आमच्या घरी एक लोखंडी ट्रॉली आहे. मोटरसायकल उभी करायची ट्रॉली. पाहुणे आले की हमखास विचारतात, हे काय आहे हो? त्यांना आधी घर समजावून सांगावं लागतं.

आम्ही महालात राहतो. जुनं घर, रस्त्यापासून आत येणारी चार फुटांची बोळ, बोळीच्या टोकाला जेमतेम आठ फुटांचं अंगण. सासऱ्यांची बुलेट त्याच अंगणात असते. निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ती एकच गोष्ट. गाडी बोळीतून सरळ आत येते, पण अंगणात वळत नाही. मग बाहेर काढताना ती उलटी ढकलत रस्त्यापर्यंत न्यायची. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ढकलणं-उचलणं बंद केलं. तेव्हा ही ट्रॉली करून घेतली. अँगलची चौकट, वर पत्रा, खाली चारही बाजूंना घुमणारी चार चाकं. समोर तिरपी फळी लावायची, गाडी वर चढवायची, मेन स्टँडवर उभी करायची आणि एका हाताने हळूच फिरवायची. गाडी जागच्या जागी गर्रकन तोंड फिरवते. बाबा पुन्हा स्वतःची गाडी स्वतः काढू लागले.

या ट्रॉलीची चाकं मी पसंत केली होती, हे इथेच कबूल करते. वेल्डिंगवाल्याने दोन इंची नायलॉनची चाकं दाखवली, प्रत्येकावर ६० किलोचं स्टिकर. मी हिशेब केला. गाडी पेट्रोलसकट १९५ किलो, ट्रॉली २५ किलो, एकूण २२०. भागिले चार, ५५. साठपेक्षा कमी. "चालेल," म्हटलं. शेवटी गणित शिकवणारी बाई!

हिशेब इतका सुबक होता की मी तो श्रावणात चौथीच्या चाचणीतही घातला. 'एका ट्रॉलीला चार चाके आहेत. ट्रॉली व मोटरसायकल यांचे मिळून वजन २२० किलो आहे. तर प्रत्येक चाकावर किती वजन येईल?' दोन गुण. बहुतेकांनी ५५ लिहिलं. काहींचा भागाकार चुकला. एका मुलाने मात्र २२० ला ३ ने भागलं होतं. भागाकार ७३, बाकी १, अगदी नीट मांडणी. मी लाल पेनाने फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'चाके चार आहेत. प्रश्न नीट वाच.'

त्यानंतर आठवड्याभराने, गुरुवारी संध्याकाळी, अंगणातून मोठा आवाज आला. जाऊन पाहते तर ट्रॉली एका कोपऱ्यात बसलेली, गाडी भिंतीकडे कललेली. हँडल भिंतीला टेकलं म्हणून ती बाबांच्या अंगावर आली नाही. त्यांच्या मनगटाची साल निघाली होती, बाकी काही नाही. फरशीवर सगळीकडे बारीक छर्रे पसरले होते. चाक दोन फरश्यांच्या सांध्यात अडकलं होतं आणि नायलॉनचे सरळ दोन तुकडे झाले होते. त्याची घुमणारी प्लेट वाकून वरचे छर्रे बाहेर आले होते. मग बाकीची तीन चाकं उलटी करून पाहिली. एकाला केसासारखी चीर पडलेली, एकाचा आस वाकलेला. चौथं मात्र दुकानातून आणल्यासारखं कोरं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रात्री दीर आले. म्हणाले, "आता विकून टाका ना बाबा ती बुलेट. काहून जिवाला धोका?" बाबा काहीच बोलले नाहीत. मनगटावरची पट्टी नीट करत बसले. मी पण गप्प. चाकं मी पसंत केली होती ना.

शनिवारी सकाळची शाळा करून तशीच इतवारीत गेले, लोहा ओळीत. पिशवीत तुटलेलं चाक होतं. दुकानदाराने ते हातात घेतलं, वजन विचारलं, फरशी कशी आहे ते विचारलं. मी माझा ५५ चा हिशेब ऐकवला. तो हसला. "मॅडम, चार से नहीं, तीन से भागो." आणि बसल्या स्टुलावरच डावीकडे-उजवीकडे डुलून दाखवलं. स्टूल टक-टक वाजलं. पाय चार, पण एका वेळी जमिनीला टेकलेले तीनच.

त्या टक-टक आवाजासरशी मला ती वही आठवली. पुढे चाकांबद्दल तो काय काय सांगत होता, ते मला दोनदा विचारावं लागलं.

गोष्ट तशी आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. चुलीला दगड तीनच मांडतात. जमीन कशीही असो, तीन दगडांवर भांडं डुगडुगत नाही. चौथा दगड ठेवला तर तो घासूनपुसून बाकीच्यांच्या पातळीत आणावा लागतो. ट्रॉलीची चौकट कडक लोखंडाची, ती वाकत नाही. आमच्या अंगणाला मोरीकडे उतार, शिवाय फरश्या खालीवर. म्हणजे कुठलं तरी एक चाक कायम नुसतं शोभेला. चाकं घेताना एकूण वजनाला चाकांच्या संख्येतून एक वजा करून भागायचं, हा या धंद्यातला साधा नियम. त्या हिशेबाने ७३ किलो येतं आणि माझी चाकं होती ६० ची.

दुकानदार म्हणाला, बुलेट आहे तर प्रत्येकी १५० किलोचीच न्या. मला वाटलं, महाग माल गळ्यात मारतोय. तरी घेतली. चार इंची, आतून बिडाची, वरून पॉलियुरेथेनचं आवरण असलेली. मोठं चाक सांध्यात पडत नाही, त्यावरून निघून जातं. साध्या रबराची नको म्हणाला, गाडी महिनोन् महिने एका जागी उभी राहिली तर रबर खालून चपटं होतं. दोन चाकं ब्रेकची घेतली, ती समोरासमोरच्या कोपऱ्यांना लावायची.

दुरुस्तीत खरी अडचण उंचीची आली. मोठी चाकं तशीच खाली लावली तर ट्रॉली अडीच इंचांच्या आसपास वर उचलली जात होती. मग फळीचा चढ वाढतो आणि बाबांना गाडी चढवायला जोर लागतो, म्हणजे मूळ हेतूच बुडाला. वेल्डिंगवाल्याने डोकं लावलं. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना बाहेरच्या बाजूने अँगलचे तुकडे उंचावर जोडले आणि चाकं त्यांच्याखाली बसवली. पत्रा पूर्वीइतकाच खाली राहिला. चाकांच्या प्लेटा मात्र वेल्ड करू दिल्या नाहीत. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं ग्रीस जळतं आणि उद्या एक चाक बदलायचं तर कापावं लागतं. नवी भोकं पाडून नट-बोल्ट लावले, खाली स्प्रिंग वायसर. पान्ह्याने शेवटची आवळणी बाबांनी स्वतः केली. कोणाला हात लावू दिला नाही.

सोमवारी शाळेत गेले तेव्हा वही परत मागावी असं वाटत होतं, पण आधी त्या मुलाला जवळ बोलावून विचारलं, तू तीनने का भागलंस रे? तो घाबरला. "चुकलं मॅडम." नाही रे, मला समजून घ्यायचं आहे, असं दोन-तीनदा म्हटल्यावर बोलला. "आमचा संत्र्याचा ठेला हाये ना जी. त्याचं एक चाक अधांतरीच राहते. बाबा म्हणते, चौथं चाक फुकट खाते." सुट्टीच्या दिवशी तो वडिलांसोबत ठेला ढकलतो. मागून ढकलणाऱ्याला चाकं दिसतात. मी त्याला लिहिलं होतं, प्रश्न नीट वाच.

त्याच आठवड्यात पोळा होता. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा पोळा. घरोघरी लाकडाचे नंदी, पाटावर उभे, पाटाला चार चाकं. सुट्टी संपल्यावर मुलांना सांगितलं, आपापला नंदी शाळेत आणा. नऊ नंदी आले. व्हरांड्यात ओळीने उभे केले आणि प्रत्येकाला वहीच्या कागदाची एक पट्टी दिली. नंदी हलवायचा नाही, चाकाखाली पट्टी सरकते का ते पाहायचं.

सातांचं एक चाक अधांतरी निघालं. दोघांच्या पट्ट्या कुठेच शिरल्या नाहीत, त्यांच्या चाकांचे आस ढिले होते, जमीन असेल तसे बसत होते. इथपर्यंत माझ्या अपेक्षेप्रमाणे. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, या समोरच्या चाकाखाली पट्टी शिरून राहिली, पण थोडी घासते." अधांतरी चाकाच्या तिरप्या समोरचं चाक. टेकलेलं होतं, पण त्यावर भार जवळजवळ नव्हताच. उरलेल्या दोन चाकांखाली मात्र पट्टी फाटेल पण शिरणार नाही. बाकी नंद्यांचंही तसंच कमी-जास्त.

घरी येऊन कागदावर चौकोन काढला तेव्हा उलगडा झाला. वजन बरोबर मध्यभागी असेल आणि एक कोपरा अधांतरी असेल, तर मध्यबिंदू उरलेल्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर येतो. भार त्या दोघांनीच वाहायचा. म्हणजे २२० भागिले दोन, ११०! गाडी नेमकी मध्यावर नसते म्हणून तिसऱ्यालाही थोडं मिळतं. पण १५० ची चाकं घ्यायला लावणाऱ्या दुकानदाराबद्दल मी उगाच वाईट विचार केला होता. तुटलेली, चिरलेली, वाकलेली आणि एक कोरं चाक, तेही सगळं आता जुळलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली, ५५, ७३, ११०. अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, "मंग परीक्षेत काय लिहायचं?" शिक्षक मित्रहो, तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल. मी सांगितलं, 'चारही चाकांवर समान वजन येते' असं प्रश्नात दिलं असेल तर ५५. माझ्या प्रश्नात 'समान' हा शब्द नव्हता, ती चूक माझी. आणखी एकाने विचारलं, मग चौथं चाक काढूनच टाकलं तर? त्याच्याच नंदीचं एक चाक काढून पाहिलं. शिंगाला बोट लावलं आणि नंदी त्या कोपऱ्यावर कोसळला. ठेल्यावर संत्री एका बाजूला सरकली की चौथं चाक टेकतं, हे ठेल्यावाल्या मुलाने न विचारता सांगितलं.

त्याची वही घेतली. फुली खोडता येत नव्हती, लाल पेन होता. शेजारी बरोबरची खूण केली आणि माझ्या 'प्रश्न नीट वाच' या ओळीवर रेघ मारली. त्याने बराच वेळ पानाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मंग टोटल बदलन ना जी मॅडम?"

सतराचे एकोणीस केले, आणि खाली सही केली.