रिमोट कुणाच्या हातात?

मोकोकचुंगच्या पोस्टिंगबद्दल लिहा, असं इथे बऱ्याच जणांनी सुचवलंय. तिथला पाऊस, तिथले रस्ते, डुकराच्या मांसात पडणारे बांबूचे कोंब, सगळ्यावर लिहीन कधीतरी. आज कॅमेऱ्याची गोष्ट सांगतो. निमित्त असं की मागच्या आठवड्यात माझ्या जुन्या युनिटमधल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा नागरकोइलहून फोन आला. त्यांच्या गावातल्या चर्चला रविवारची उपासना इंटरनेटवर दाखवायला रिमोटवर फिरणारा कॅमेरा घ्यायचाय. "सर, कुठला घेऊ?" तासभर बोललो. फोनवर सांगितलं ते लिहून ठेवतो, आणि फोनवर सांगता आलं नाही तेही.

साल २०२०. आमचा तळ एका आओ गावाच्या खालच्या बाजूला होता. आओंची गावं डोंगराच्या धारेवर असतात आणि गावात सगळ्यात उठून दिसतं ते चर्च. या भागात ख्रिस्ती धर्म १८७२ मध्ये आला, अमेरिकन मिशनरी एडवर्ड क्लार्क आणि त्यांच्या आधी डोंगर चढून आलेले आसामी प्रचारक गोधुला यांच्यामुळे. दीडशे वर्षं होत आली, आणि रविवारी सकाळी अख्खं गाव त्या एका इमारतीत असायचं. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि चर्चला कुलूप लागलं. पुढे उघडलं तेव्हा बाकांवर अंतर ठेवून बसायचं होतं, म्हणजे निम्मं गाव बाहेरच. शिवाय गावाची पोरं दिमापूर, दिल्ली, बंगळूरमध्ये अडकलेली. काही नागा रेजिमेंटमध्ये, काही आसाम रेजिमेंटमध्ये, कुठल्या कुठल्या बर्फात.

एक मुलगा खिडकीत मोबाइल टेकवून उपासना दाखवायचा. पास्टर अंगठ्याएवढे दिसायचे आणि गायनवृंदाचा आवाज पिंपात बोलल्यासारखा यायचा. एके दिवशी पास्टर आणि दोन डीकन तळावर आले. मी सिग्नल्सचा माणूस आहे हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. काय घ्यावं, एवढंच विचारायला आले होते.

माझं डोकं फौजी पद्धतीने चाललं. लोकोपयोगी कामांसाठी थोडा निधी असतो, त्यातून दोन कॅमेरे देऊन टाकू, सीओ साहेबांचीही हरकत नव्हती, छोटासा कार्यक्रम, एक फोटो. तसं बोललोही. पास्टर हसले, चहा संपवला आणि म्हणाले, "कॅमेरा आम्ही घेऊ, साहेब. तुम्ही फक्त कुठला ते सांगा." मला लागलं, खोटं कशाला सांगू. आपण हात पुढे करतो आणि समोरचा नमस्कार करून बाजूला होतो, तसं वाटलं.

तरी पुढच्या शनिवारी टेप घेऊन चर्चमध्ये गेलो.

मागच्या बाल्कनीच्या कठड्यापासून प्रवचनाच्या व्यासपीठापर्यंत २२ मीटर भरले. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत पहिला आकडा झूमचा असतो, १२ पट, २० पट, ३० पट. तो ऑप्टिकल झूमचा हवा, म्हणजे भिंगाने केलेला. डिजिटल झूम म्हणजे मोबाइलवर फोटो बोटांनी ताणणं, बाकी काही नाही. २०–२२ मीटरवरून १२ पट झूममध्ये साधारण अडीच मीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो, म्हणजे उभा माणूस साधारण गुडघ्यापासून वर. २० पटीत फक्त डोकं आणि खांदे. ३० पट घेतला तर पास्टरांच्या चष्म्यात खिडकी दिसेल. मोठा आकडा बघून हुरळून जाण्याआधी टेप लावा, असं सुभेदार साहेबांनाही सांगितलं.

एका डीकनने बाजारात पाहिलेला सीसीटीव्हीचा फिरता गोळा दाखवला. किंमत निम्म्याहून कमी, तोही रिमोटवर फिरतो, रात्रीही बघतो. प्रश्न रास्त होता. पण तो कॅमेरा गोदामावर नजर ठेवायला बनवलेला. झटक्याने फिरतो, झूम करताना चित्र पुसट होतं, आणि चित्र आवाजाच्या मागे पडतं. पोरं गातात एक आणि ओठ हलतात दुसऱ्याच ओळीवर. उपासनेसाठी बनवलेला कॅमेरा हळू फिरतो आणि त्याची मोटर ऐकू येत नाही. मूक प्रार्थनेत घर्रर्र आवाज आला तर संपलंच. त्याचं खरं काम प्रीसेटवर चालतं. व्यासपीठ एक, गायनवृंद दोन, पियानो तीन, असे कोन आधीच साठवून ठेवायचे. मग लॅपटॉपवर बसलेल्या पोराला फक्त आकडा दाबायचा असतो.

कॅमेरा फिरायला तरी कशाला हवा, हाही प्रश्न मला पडला होता, कारण त्याच वर्षी आषाढीला कराडला आमची आई मोबाइल समोर ठेवून पंढरपूरचं थेट दर्शन घेत होती. वारी पायी निघालीच नव्हती, पादुका एसटीने गेल्या होत्या. विठ्ठल एका जागी उभा, कॅमेराही एका जागी, आईचे हात जोडलेले. तिथे कॅमेरा हलला असता तर ती मोबाइलवर ओरडली असती. चर्चचं तसं नसतं. तिथे वाचन एकीकडे, गाणं दुसरीकडे, लहान मुलांचं काही तिसरीकडे, आणि मध्येच कुणीतरी बाकावरून उठून साक्ष देतं.

तारांबद्दल मी जरा जास्तच बोललो असेन, तो आमचा धर्म आहे. एचडीएमआयची तार १०–१५ मीटरच्या पुढे दगा देते. एसडीआय लांब जाते, पण वीज आणि नियंत्रणासाठी सहसा वेगळी वायर ओढावी लागते. आम्ही साधी नेटवर्क केबल निवडली. १०० मीटरपर्यंत चालते आणि एकाच केबलमधून वीज, चित्र आणि हुकूम तिन्ही जातात. मात्र चर्चपासून कार्यालयापर्यंतच्या ६० मीटर उघड्या भागात तांब्याची तार नको म्हणालो. डोंगरधारेवर वीज कशी पडते ते आमच्या अँटेनांनी मला शिकवलंय, तांबं तिला थेट यंत्रापर्यंत आणतं. तिथे ऑप्टिकल फायबर टाकली. खड्डे गावाच्या पोरांनी खणले. माझ्या लाइनमनने फक्त वाकवायची किती ते दाखवलं.

उजेड हा सगळ्यात मोठा वैरी निघाला. व्यासपीठाच्या मागे उंच खिडकी, सकाळचं ऊन तिथूनच. कुठल्याही कॅमेऱ्यात पास्टर म्हणजे काळी सावली. यावर उपाय कॅमेऱ्याच्या दुकानात नव्हता, कापडाच्या दुकानात होता. जाड पडदा आणि समोरून दोन दिवे. दुसरी गंमत गायनवृंदाची. सगळ्यांच्या अंगावर लाल-काळ्या शाली. रंग ओळखायचं काम कॅमेऱ्यावर सोडलं की लाल रंगाने चौकट भरताच तो गोंधळायचा आणि माणसांचे चेहरे निळसर पडायचे. मग पांढरा कागद धरून रंग कायमचा बांधून टाकला.

इंटरनेट ४जीवर. वर पाठवायला चांगल्या दिवशी ४–५ एमबीपीएस मिळायचं, त्यात ७२०पी चित्र नीट जातं. ४के कॅमेऱ्याचा मोह मी तिथेच मोडला. वाचलेले पैसे आवाजासाठी ठेवा म्हणालो. चित्र अडखळलं तर माणूस बघत राहतो, आवाज गेला की उठून जातो.

एवढं सगळं ठरलं आणि मग दुसऱ्या कॅमेऱ्यावर गाडी अडली.

एक कॅमेरा बाल्कनीतून व्यासपीठाकडे, यात वाद नव्हता. दुसरा व्यासपीठाच्या बाजूच्या भिंतीवर, लोकांकडे तोंड करून, असं मी सुचवलं. लांब असलेल्याला प्रवचनापेक्षा आपली माणसं बघायची असतात, हा माझा तर्क. पास्टरांना पटला. मागच्या बाकावर एक म्हातारे डीकन बसले होते, वय सत्तरीच्या पुढे. तोवर गप्प होते. त्यांनी नागामीजमध्ये काही विचारलं आणि सगळे जमिनीकडे बघू लागले. पास्टरांनी सांभाळून भाषांतर केलं, "अंकल विचारतात, रिमोट कुणाच्या हातात असणार?"

मी म्हणालो, लॅपटॉपवर बसणाऱ्या मुलाच्या.

"आणि तळावरून दिसेल का?"

मी हसून नाही म्हणणार होतो. पण तोंड उघडण्याआधी डोक्यात हिशेब झाला. कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवला तर कुणालाही दिसेल. आणि सगळी जुळणी मीच करणार होतो. म्हणजे दिसू शकलं असतं.

अंकल मग स्वतःच हिंदीत बोलले. १९५० च्या दशकात ते लहान होते तेव्हा गावं एकत्र करून भोवती कुंपण घातलं होतं. सकाळी शेताकडे जाताना डोकी मोजायचे, संध्याकाळी परत मोजायचे. "चर्च में कोई नहीं गिनता था," एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण अंगावरचा गणवेश तोच होता. तो इतिहास इथे उकरायचा नाही, दोन्ही बाजूंच्या आठवणी लांब आहेत आणि दोन्हीकडे माणसं गेलेली आहेत. पण कॅमेरे फुकट का नको होते, ते मला त्या बाकावर बसून कळलं.

आमच्या कोअरचं ब्रीदवाक्य आहे 'तीव्र चौकस'. वीस वर्षं मी दूरवर बघणाऱ्या यंत्रांच्या पाठीमागे बसलो होतो. नियंत्रण रेषेवर रिमोटवर फिरणारा कॅमेरा म्हणजे काय, तर समोरच्याला कळू न देता त्याला बघणं. तेच यंत्र, तीच जॉयस्टिक, तोच झूम. प्रार्थनेत डोळे मिटलेल्या बाईच्या चेहऱ्यावर तो २० पटीने नेऊन ठेवणं कुठल्याही पोराला दोन सेकंदांचं काम होतं, आणि ते तिच्या दिल्लीतल्या मुलासकट सगळ्या जगाला दिसलं असतं. मी मात्र तारा मोजत बसलो होतो.

मग यादी बदलली. दुसरा कॅमेरा १२ पटीचाच घेतला, आणि असा, ज्यात फिरण्याच्या आणि झूमच्या मर्यादा बांधून ठेवता येतात. बाकांवर तो रुंद चौकटीतच राहील, जवळ जाणारच नाही, अशी मर्यादा बांधली. मागच्या दोन रांगा चौकटीबाहेर ठेवल्या, ज्याला दिसायचं नाही त्याने तिथे बसावं. अंत्यविधीला हा कॅमेरा बंद. मूक प्रार्थनेसाठी वेगळा प्रीसेट, त्यात फक्त लाकडी क्रूस आणि भिंत. चालू असताना समोर लाल दिवा लागतो, तो दिसेल अशा उंचीवर कॅमेरा बसवला. मी आधी तो खांबाआड लपवणार होतो, शोभेसाठी.

पासवर्ड ठरवायच्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, एटीएमच्या रांगेत राहतो तसा. पोरं हसली. कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेवलं, बाहेरून आत यायला वाट नाही, बाहेर जातं ते फक्त चित्र. अंकलना मात्र यातलं काही विशेष वाटलं नाही. आवडलं ते एकच. बंद केला की कॅमेरा मान फिरवून भिंतीकडे तोंड करतो. त्यांनी तो तीनदा चालू-बंद करायला लावला.

कॅमेरे गुवाहाटीहून मरियानीमार्गे आले, पैसे गावाने जमवले. नाताळची उपासना मी चर्चमध्ये बसूनच पाहिली, माझ्या नागा जवानांबरोबर. तिथले गायक सरगम अक्षरांत लिहिलेली पुस्तकं धरतात आणि चार पट्ट्यांत गातात, अंगावर काटा येतो. पहिल्याच गाण्याला लॅपटॉपवरच्या पोराने चुकीचा आकडा दाबला आणि भर गाण्यात दहा-बारा सेकंद जगभर क्रूस आणि भिंत दिसली. नंतर एका हवालदाराच्या भावाचा सियाचेनच्या पायथ्याहून निरोप आला, आवाज फर्स्ट क्लास होता.

माझी बदली झाली. पुढे राजस्थानात असताना एका रविवारी आठवण झाली म्हणून मोबाइलवर लावलं. पडदा अजून तोच, थोडा विटलेला. रुंद चौकटीत बाकं दिसत होती, भरलेली. अंकल कुठे दिसतात का म्हणून शोधलं आणि मग लक्षात आलं की मागच्या दोन रांगा आपणच बाहेर ठेवल्यात. शेवटचं गाणं झालं, लोक उठले, चित्र हळूच डावीकडे सरकत भिंतीवर आलं आणि बंद झालं.