इसेचं देऊळ आणि आमचा लाकडी मंडप

लेकीकडं जपानला गेलो तेव्हा मिए प्रांतातलं इसेचं देवस्थान बघितलं. इसुझू नदीत हात धुवायचे, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. देवी सूर्याची, अमातेरासू. देऊळ लाकडी, दर 20 वर्षांनी शेजारच्या जागेत जसंच्या तसं नवं बांधतात. मागचं 2013 ला झालं, पुढचं 2033 ला. जुनं लाकूड इतर देवळांना जातं.

बँकेत आम्ही इमारतीवर घसारा लावायचो. इथं इमारत जाते, पण सुताराचा हात पुढच्या पिढीच्या खात्यात जमा होतो.

बोरगावात आमच्या गल्लीतल्या मारुतीचा लाकडी मंडप उतरवून स्लॅब टाकायचं चाललंय. ते काम येणारे सुतारकाका एकच उरलेत, वय 80. पोरांनो, ते आहेत तोवर एक खांब तरी त्यांच्याकडनं शिकून घ्या.