पहाटेचे दोन तास

“एवढ्या कामातून आपण लिहिता तरी केव्हा?” हा प्रश्न मला नोकरीच्या काळात असंख्य वेळा विचारला गेला आहे. माझे उत्तर ठरलेले असे : पहाटे साडेचार ते साडेसहा. हे उत्तर खोटे नव्हते. पण ते अपुरे होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

नियमांची आडकाठी म्हणावी, तर तीही फारशी नाही. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ शासनावरील टीकेला मर्यादा घालतात; परंतु कर्तव्यात बाधा येत नसेल, तर प्रसंगोपात्त साहित्यिक काम पूर्वपरवानगीशिवाय करण्याची मुभाही देतात. परंपरा तर थोरच आहे. बंकिमचंद्र १८५८ पासून १८९१ पर्यंत डेप्युटी मॅजिस्ट्रेटची नोकरी करीत होते. श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’ १९६८ साली आणि विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा दोघेही प्रशासकीय सेवेतच होते. या नावांचा आधार मी मनोमन पुष्कळदा घेतला. प्रश्न उरतो तो एवढाच, की ‘कर्तव्यात बाधा’ आली की नाही, हे ठरवायचे कोणी?

बिहारमधील एका जिल्ह्यात जिल्हाधिकारी असतानाची गोष्ट. जनता दरबारात एक वृद्धा येत असे. नवऱ्याच्या पश्चात जमीन आपल्या नावावर चढावी, म्हणजे आपण ज्याला फेरफार म्हणतो आणि तिकडे ज्याला दाखिल-खारिज म्हणतात ते व्हावे, एवढीच तिची मागणी. पदराच्या गाठीत घडी करून ठेवलेली जुनी पावती ती दर वेळी तितक्याच काळजीने सोडवी. मी अर्जावर ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा मारला आणि अर्ज खाली पाठवला. ती गाठ मात्र माझ्याजवळच राहिली. तीन आठवडे पहाटे उठून मी तिच्यावर कथा लिहिली. ती एका दिवाळी अंकात छापून आली आणि तिचे कौतुकही झाले.

अंक टपालाने आला, त्या रात्री पत्नीने कथा वाचून काढली. अंक मिटून तिने विचारले, “अहो, त्या बाईंच्या अर्जाचं काय झालं?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. कथेत त्या वृद्धेला मी न्याय दिला होता. कचेरीत अहवालाची साधी आठवणही केली नव्हती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “तुमचे दोन तास तुम्ही मोजता. ते शांत राहावेत म्हणून आम्ही किती तास मोडतो, ते कधी मोजलंत?” तेव्हा लक्षात आले, की चार वाजता पाणी भरणारी, मुलांना दबक्या आवाजात दप्तर भरायला लावणारी आणि दारावरच्या लोकांना थोपवून धरणारी तीच होती. माझी पहाट तिच्या झोपेतून आली होती.

दुसऱ्या दिवशी मी तो अर्ज मागवला. कागद खालच्या कार्यालयात जसाच्या तसा पडून होता. तारीख लावून पाठपुरावा केला. पुढे यथावकाश आदेश निघाला. वृद्धा आली. तिला कथेविषयी काहीच ठाऊक नव्हते. तिने आदेशाच्या दोन प्रती मागितल्या, एक पेटीत ठेवायला आणि एक भावकीला दाखवायला. त्या दिवशी कथा लिहिल्याचा नव्हे, पण कथेआधी हे का सुचले नाही याचा संकोच वाटला.

तेव्हापासून दोन पथ्ये पाळतो. ज्याचा कागद माझ्या टेबलावर प्रलंबित आहे, तो माणूस माझ्या लिखाणात येणार नाही. आणि रविवारची पहाट माझी नाही. त्या दिवशी पाणी मी भरतो, चहाही मीच करतो. यामुळे लिखाण कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. एक कादंबरी अर्ध्यावर आहे आणि कदाचित तशीच राहील. त्याची खंत नाही, असे म्हणणे ढोंग ठरेल.

परंतु आता कोणी “लिहिता केव्हा?” असे विचारले, की घड्याळातली वेळ सांगण्यापूर्वी ती वेळ मला कोणी दिली, ते सांगतो.