ट्रॉलीचा जॅक

एके काळी दारव्ह्याचा कापूस शकुंतला रेल्वेच्या डब्यांतून मूर्तिजापूरला जायचा. आता ट्रॉलीतून जिनिंगला जातो. पण पेरणी आटोपली की सोयाबीन निघेपर्यंत बऱ्याच ट्रॉल्या उघड्यावर उभ्या असतात. चाकांना दगड, दांडी जॅकवर. उभ्या ट्रॉलीला काय होतं, म्हणून कोणी बघत नाही. जॅक मरतो तो याच दिवसांत.

*

त्याच्या पोटात फार काही नसतं. एकात एक दोन नळ्या, आट्यांचा लांब दांडा, त्यावर नट. डोक्याशी दोन दातेरी चक्रं आणि सगळा भार पेलणारं एक बेअरिंग. पाणी हँडलच्या भोकातून शिरतं आणि बेअरिंगमध्ये मुरतं. गोळ्या गंजल्या की हँडल जड. मग कोणीतरी हँडलला पाइप अडकवून जोर करतो आणि चक्राचे दात जातात.

*

बसस्टँडकडचा वेल्डिंगवाला : "जुनं ग्रीस काढल्याबिगर नवं टाकून काय फायदा, भाऊ?" खरं आहे. धूळ खाल्लेलं ग्रीस पॉलिश पेपरसारखं आटे घासतं. सगळं खोलायचं, डिझेलने धुवायचं, फडक्याने कोरडं करायचं, मग लिथियम ग्रीस. जॅक पूर्ण वर-खाली फिरवला की ते नटाच्या आतपर्यंत पोचतं.

*

तळाचं भोक एम-सीलने बुजवणारे भेटतात. हौस दांडगी! पाणी वरून येणारच, ते जायला वाट हवी. खिळ्याने चिखल काढून भोक मोकळं ठेवायचं, बस.

*

काळी माती ओली झाली की जॅकचा पाय गिळते. पाय तिरपा झाला की आतली नळी एका अंगाने घासते. खाली बाभळीची जाड फळी हवी, वीट नको, वीट फुटते.

*

परदेशात फिरत्या घरांच्या ट्रेलरला हाच जॅक १२ व्होल्टच्या मोटरवर चालतो. आपल्याकडे कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. यवतमाळ रस्त्यावर मला अजून ट्रॉल्याच दिसतात. त्या मोटरवाल्या जॅकचं नेहमीचं दुखणं : मोटर घुमते, पण उचलत नाही. लोक मोटर बदलायला निघतात. बऱ्याचदा खोट अर्थिंगमध्ये असते. परतीचा करंट जॅकच्या बोल्टांतून ट्रेलरच्या लोखंडात जातो, आणि मध्ये रंग किंवा गंज आडवा येतो. ट्रॅक्टरचा सेल्फ कुरकुरला की आपला इलेक्ट्रिशियन आधी बॅटरीची अर्थ पट्टी घासतो, तेच इथे. बोल्टाखालचा रंग खरवडायचा, दातेरी वॉशर घालून आवळायचं, वरून ग्रीस फासायचं. वायर खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी झोळातूनच ठिबकतं, मोटरीत जात नाही. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदलायचं. सिलिकॉन लावलंच तर वर आणि बाजूंना. खालची कड सोडायची.

*

जॅकच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधू नये, आत घाम धरतो. ऑइलचा पाच लिटरचा कॅन अर्धा कापून पालथा घातला तर पाऊस अडतो आणि खालून वाराही लागतो. हँडल सुटं होत असेल तर घरात न्यावं. भंगारात त्याला भाव आहे.