बोलीतून हसवणारे : काही टिपणे

◆ डॉ. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणलं. लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि बावन्न पात्रंही तेच. खेड्यातलं आख्खं कुटुंब लग्नासाठी विमानात बसतं, एवढंच कथानक. पुढे या प्रयोगाची गिनीज बुकात नोंद झाली.

◆ नेपथ्य जवळपास नाहीच. हातात एक शेला. डोक्यावरून ओढला की बाई, डोक्याला गुंडाळला की म्हातारा गडी. पात्र बदलताना आवाजाआधी पाठीचा कणा बदलतो. नाट्यशिबिरातल्या पोरांनी हे आधी बघावं, लाइट-म्युझिकचा खर्च नंतर काढावा.

◆ ‘कामून’, ‘करायलाव’, ‘जायलाव’ हे आपल्या बीडच्या एसटी स्टँडवरचं बोलणं. नाटक-सिनेमात अशी बोली बहुधा गड्याच्या वाट्याला यायची, तीही दोन-चार वाक्यांपुरती. ‘वऱ्हाड’मध्ये ती अख्खा प्रयोग पेलते. प्रेक्षक बोलीला हसत नाही, बोलीतून जगाला हसतो. देशपांड्यांचं खरं काम हे.

◆ रुमानियाचा इयॉन लुका काराज्याले (१८५२–१९१२) याच जातकुळीचा. चुलते नाटकवाले. हा प्रॉम्प्टर झाला, प्रूफं तपासली, वर्तमानपत्रं काढली, पोटासाठी बिअरचं दुकान आणि रेल्वे स्टेशनवरचं हॉटेलही चालवलं. अशा ठिकाणी माणसं कशी बोलतात ते कानात साठत जातं. त्याच्या नाटकांतला वकील, पोलीस, पुढारी, सगळे त्या बोलण्यावरूनच ओळखू येतात.

◆ त्याचं ‘हरवलेलं पत्र’ १८८४चं. डोंगराळ भागातलं जिल्ह्याचं गाव, निवडणूक तोंडावर. प्रीफेक्ट म्हणजे जिल्ह्याचा कारभारी. त्याने स्थानिक पुढाऱ्याच्या बायकोला लिहिलेलं प्रेमपत्र हरवतं, एका दारुड्याला सापडतं आणि त्याच्याकडून विरोधकाच्या हाती जातं. विरोधक म्हणतो, उमेदवारी द्या, नाहीतर छापतो. शेवटी तिकीट वरून येतं, तिसऱ्यालाच. त्यानेही असंच एक पत्र दाबून तिकीट मिळवलेलं! आणि विरोधक? विजयाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे नाचतो.

परळी, गेवराई, केज, आष्टी, कुठल्याही पारावर ही गोष्ट सांगा. कुणी रुमानिया कुठे आहे ते विचारणार नाही. ‘मंग त्या दारुड्याला काय मिळालं?’ एवढंच विचारतील. काहीच नाही मिळालं. मत कुणाला द्यायचं, हे तो शेवटपर्यंत विचारत राहतो.

◆ परकं नाटक आपल्या मातीत रुजतं, याची साक्ष मराठीत आहे. पु. ल. देशपांड्यांनी गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’चं ‘अंमलदार’ केलं, १९५२ साली. संस्थानी थाटाचा मराठी कारभार त्यात इतका मुरला की मूळ रशियन आहे हे विसरायला होतं. काराज्यालेसाठी तर मराठवाडाच हवा.

◆ २००९ साली अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बीडला भरलं, अध्यक्ष रामदास कामत. त्याच वर्षी फेब्रुवारीत लक्ष्मण देशपांडे गेले.

◆ एकपात्री प्रयोग बहुधा कलाकाराबरोबर जातो. ‘वऱ्हाड’ गेलं नाही. माजलगावच्या संदीप पाठक यांनी ते उचललं आणि त्याचे प्रयोग चालू ठेवले. ‘एक हजाराची नोट’मधला त्यांचा सुदामा पाहिलेल्यांना ठाऊक आहे की हा नट हसवताना माणसाला स्वस्त करत नाही. वारसा म्हणतात तो हा: संहिता कपाटात न राहता आपल्याच जिल्ह्याच्या पोराच्या तोंडी राहणं.

◆ विडंबनकार फक्त हसवतो, हा गैरसमज. १९०७ साली रुमानियात शेतकऱ्यांचा उठाव झाला, सैन्याने तो गोळ्या घालून मोडला. काराज्याले तेव्हा बर्लिनमध्ये राहत होता. त्याने जमीनदार आणि राज्यकर्त्यांवर जळजळीत लेख लिहिला, व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात जर्मनमध्ये छापून आला. आयुष्यभर ज्यांना हसला, त्यांना या वेळी त्याने थेट जाब विचारला.

◆ आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, नवरा-बायकोचा कोयता, फडावरचं कोपीतलं बिऱ्हाड, मागे राहिलेली म्हातारी आणि शाळा. मतदानाचा दिवस आला की याच माणसांना परत आणायला गाड्या निघतात. यात हसू आहे आणि संतापही आहे. काराज्यालेला याहून जास्त काय लागलं असतं?

◆ आज बुखारेस्टचं राष्ट्रीय नाट्यगृह काराज्यालेच्या नावाने आहे. शंभर लेऊच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे. ज्या समाजाला तो हसला, त्यानेच त्याला नोटेवर बसवलं. हा मोठेपणा आपल्यालाही जमायला हवा.

◆ बीड, अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या पोरापोरींनो, पुढच्या स्पर्धेसाठी पुण्या-मुंबईची एकांकिका शोधू नका. आपल्या तालुक्याची निवडणूक घ्या, आपल्या बोलीत लिहा, आणि पहिला प्रयोग गावातच करा.